थेट प्रक्षेपण की दुसऱ्या दिवशीची चित्रफीत?

बडोद्याच्या दांडिया बाजारातली माझी भाची साथीच्या काळात फिगर स्केटिंगच्या, म्हणजे बर्फावरच्या कलात्मक स्केटिंगच्या, नादी लागली आणि स्पर्धा थेट पाहावी की दुसऱ्या दिवशी, या पेचात पडली. मार्च २०२१ मध्ये स्टॉकहोमची जागतिक स्पर्धा प्रेक्षकांविना झाली. तिथले घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असल्याने रात्रीची सत्रे इथे मध्यरात्र ओलांडत, आणि चहाच्या डब्याला टेकवलेला मोबाइल नेमका उडीच्या क्षणी अडखळे. चित्रफितीत झोप वाचते, मात्र अमेरिकेचा नेथन चेन पहिला आणि जपानचा युझुरु हान्यू तिसरा, हे आधीच कानावर आलेले असते. उलट, बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये २०२२ साली हान्यूचा चौपट अॅक्सल, म्हणजे हवेत साडेचार गिरक्यांची उडी, कुठे अपुरा राहिला, हे चित्रफीत संथ करूनच नीट उमगते. निकालाची धाकधूक हवी असेल त्याने जागावे. तंत्र शिकायचे असेल किंवा सकाळी कामावर जायचे असेल, त्याने खुशाल झोपावे.