पितळी पत्र्याला ताव देण्यासाठी घेतलेला छोटा गॅस टॉर्च: चार महिन्यांनंतर

फेब्रुवारीत जळगावच्या सराफ बाजारात, सोनारकामाची हत्यारं मिळतात त्या एका दुकानातून हा टॉर्च ६८० रुपयांना घेतला. वीतभर उंचीचा, खाली गॅसची टाकी, वर वाकडी मान, मागे ठिणगीचं बटण, बाजूला ज्योत लहान-मोठी करायची चकती आणि ज्योत चालूच ठेवायची एक कडी. लायटरमध्ये भरतात तोच ब्युटेन गॅस यात लागतो. याच बनावटीचे टॉर्च पाच-सहा वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, त्यामुळे डब्यावरच्या नावाला फारसा अर्थ नाही. वस्तू कशी आहे आणि आपल्या कामाला किती उपयोगी आहे, तेवढंच लिहितो.

आधी काम सांगतो. मी पाचोऱ्यात शेतीपंपाच्या मोटारी रिवाइंड करतो, आणि रात्री जेवण झाल्यावर पीजे गाडीचं मॉडेल बनवतो. पीजे म्हणजे पाचोरा-जामनेर, ५६ किलोमीटरची नॅरो गेज. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. शेंदुर्णीला मामाकडे जायचं तर आम्ही याच गाडीने जायचो, आणि माझ्या मुलीला ती गाडी आता फोटोतच दाखवावी लागते. म्हणून तिचे डबे १:८७ या मापात करायला घेतलेत. पीजेचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागलं की पावणेनऊ मिलिमीटर येतात, म्हणजे बाजारात मिळणारा ९ मिलिमीटरचा छोटा रूळ जवळजवळ बरोबर बसतो. हा हिशेब जमला त्या रात्री मला झोप आली नव्हती.

खिडक्यांचे गज, पायऱ्या, दांड्या आणि छताचा पत्रा असे भाग मी ०.२ मिलिमीटर जाडीच्या पितळी पत्र्यातून एचिंग करून घेतो. नावाच्या पाट्या करणारा एक कारागीर माझ्या ड्रॉइंगवरून फेरिक क्लोराइड या रसायनाने पत्र्याचा नको तेवढा भाग खाववून देतो. काम सुरेख येतं, पण पत्रा येतो कडक. तो गिरणीत रुळांमधून दाबत दाबत पातळ केलेला असतो, त्यात धातूचे कण चेपून ताणले जातात आणि पत्रा स्प्रिंगसारखा होतो. सरळ घडी घालायला हा कडकपणा चांगला. गोलाई द्यायची म्हटली की तोच आडवा येतो.

माझ्या छताचा तुकडा ११ सेंटिमीटर लांब आणि २८ मिलिमीटर रुंद. त्यावर फळ्यांच्या रेघा अर्ध्या खोलीपर्यंत खाल्लेल्या. ४० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपवर गुंडाळून सोडला की परत जवळपास सपाट. बारीक पाइपवर जोर लावून दाबला तर गोल व्हायच्या ऐवजी रेघांवर मोडायचा, कारण पत्रा तिथेच पातळ. छत गोल न दिसता पत्रावळीच्या घड्यांसारखं दिसायचं. असे दोन तुकडे वाया गेले, आणि एचिंगचा तुकडा वाया जाणं म्हणजे पुन्हा पंधरा दिवस थांबणं.

ताव दिला की पत्रा नरम होतो, हे मला खरं तर धंद्यातून माहीत असायला हवं होतं. जळालेल्या मोटारीची तार काढताना ती हातात दोऱ्यासारखी वळते, नव्या तारेची धमक तिच्यात राहिलेली नसते. तांब्याला जे लागू, तेच तांबं आणि जस्त मिळून झालेल्या पितळेला लागू. साधारण साडेचारशे ते सहाशे अंशांपर्यंत तापलं की ताणलेल्या कणांच्या जागी नवे, मोकळे कण तयार होतात आणि कडकपणा निघून जातो. गार झाल्यावरही तो परत येत नाही. पुन्हा वाकवून-ठोकून काम केलं, तरच पत्रा हळूहळू कडक होतो.

टॉर्च घेण्याआधी मी स्वयंपाकघरातल्या शेगडीवर प्रयत्न केला होता. पायरीचा तुकडा चिमट्यात धरून बर्नरवर नेला. तो लाल झालेला कळला नाही, कारण दुपारचे बारा वाजले होते आणि खिडकीतून ऊन आत येत होतं. मी वाट बघत राहिलो आणि एका क्षणी पायरीची बारीक दांडी आक्रसून टोकाला मोहरीएवढा गोळा झाला. पितळ नऊशे अंशांच्या थोडं पुढे वितळतं आणि गॅसची ज्योत त्याहून कितीतरी गरम असते, त्यामुळे केसाएवढ्या दांडीला वितळायला वेळ लागत नाही. मेणबत्तीही करून पाहिली. तिने काजळी धरते, आणि मोठ्या तुकड्याला ताव पुरत नाही.

दुकानात टॉर्च बघत होतो तेव्हा बाकावर एक म्हातारे सोनार बसले होते, अमळनेरकडचे. खिशातून छताचा तुकडा काढून त्यांना दाखवला. त्यांनी तो नखावर वाकवून पाहिला आणि म्हणाले, ‘‘अंधारामा कर, भाऊ. उजेडमा लाल दिसत नही.’’ मग दुकानदाराचा टॉर्च घेऊन, दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत, कोळशाच्या तुकड्यावर माझाच पत्रा ठेवून करून दाखवलं. ज्योत एका जागी धरली नाही. लांबून, गोल गोल फिरवत, जणू पत्र्याला वारा घालतायत अशी. पिवळा रंग आधी मळला, त्यावर जांभळट झाक धावली, मग सगळं काळपट झालं, आणि त्या काळपटातून, राख धरलेल्या निखाऱ्याच्या पोटात असतो तसा मंद लाल वर आला. ‘‘आते लाल व्हयनं, सोडी दे,’’ म्हणत त्यांनी ज्योत बाजूला घेतली. सगळं मिळून पाऊण मिनिट. ते स्वतः तरुणपणी मातीची बागेसरी, म्हणजे सोनाराची शेगडी, आणि फुंकणी वापरायचे. माझ्याकडून त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. मी त्यांना आबा म्हणत होतो, आणि या लेखात टॉर्चबद्दल जे काही चांगलं आहे त्यातलं निम्मं आबांचं आहे.

टॉर्चची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे ज्योत बारीक करता येते आणि ती तिथेच टिकते. चकती अर्ध्यावर ठेवली की आतला निळा सुळका बोटाच्या पेराएवढा राहतो. पत्रा त्या सुळक्यात न्यायचा नाही. सुळक्याच्या टोकापासून दोन बोटं पुढे जी फिकट ज्योत असते, तीच वापरायची. छताचा ११ सेंटिमीटरचा तुकडा मी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे, लाल पट्टा पुढे पुढे सरकवत नेतो. गार झाल्यावर तोच पत्रा ४० च्या पाइपवर ठेवला, वरून रबराचा तुकडा दाबला, आणि तो ओल्या कापडासारखा बसला. सोडल्यावर नुसता केसभर उघडला. रेघांवर कुठेच मोडला नाही. तो पत्रा हातात घेऊन मी मुलीला उठवायला गेलो होतो, बायकोने थांबवलं.

आता उणिवा. पहिली, ज्योतीचा जोर. छोट्या भागांना हा टॉर्च वरून चालतच नाही. चार मिलिमीटरचा एक हुक विटेवर ठेवून ज्योत दिली तर तो उडून कपाटाखाली गेला. चिमट्यात धरावं तर चिमटा सगळा ताव ओढून घेतो, धरलेली जागा कडकच राहते आणि वाकवताना नेमकी तिथे गडबड होते. यावर मला सापडलेला उपाय असा: पातळ पत्र्याचं जुनं झाकण दोन विटांवर ठेवायचं, भाग झाकणावर ठेवायचे आणि ज्योत खालून द्यायची. भाग उडत नाहीत, सगळीकडे सारखे तापतात आणि एका वेळी दहा-बारा होतात. झाकण मात्र रंग किंवा कल्हई नसलेलं, साधं लोखंडी घ्या.

दुसरी उणीव ठिणगीच्या बटणाची. दोन महिन्यांत ते बंद पडलं. दुकानात नेलं तर या बटणाला गॅरंटी नसते म्हणाले. बाकी टॉर्च चांगला चालतो, मी शेगडीच्या लायटरने पेटवतो, पण ६८० रुपयांच्या वस्तूचं बटण दोन महिने टिकावं हे मला पटलेलं नाही. तिसरी, बूड अरुंद आहे. पेटता टॉर्च टेबलावर उभा करून दोन्ही हात मोकळे करावेत म्हटलं तर धक्क्याने कलंडतो. मी मोटारीच्या एका जुन्या बेअरिंग कव्हरमध्ये त्याचं बूड बसवून घेतलं.

चौथी गोष्ट आपल्या खानदेशच्या उन्हाची आहे आणि ती नीट वाचा. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपासच उकळतं, टाकीत ते द्रव राहतं ते दाबामुळे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर. अशा वेळी टॉर्च भरायला गेलं की टाकीतलाच दाब इतका असतो की डब्यातला गॅस आत जात नाही, तोंडाशी फवारा उडतो. मी मे महिन्यात एकदा भर दुपारी भरायला बसलो आणि अर्धा डबा हवेत गेला, शेजारी डाक लावायचं सोल्डरिंग आयर्न तापलेलं होतं. त्या दिवशी काही झालं नाही, पण तेव्हापासून नियम केलाय. टॉर्च आधी पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये, भरणं सकाळी लवकर आणि अंगणात, टॉर्च उलटा धरून, डब्याचं तोंड खाली करून. भरल्यावर पाच मिनिटं पेटवायचा नाही. गॅसचा डबा गाडीच्या डिकीत किंवा पत्र्याखाली ठेवायचा नाही. आणि काम करताना पंखा बंद, कारण वाऱ्याने ज्योत पत्र्यावरून सरकते आणि निम्मा भाग कडक राहतो. मेमध्ये पंखा बंद करून बसणं सोपं नाही, म्हणून मी रात्री साडेदहानंतर गच्चीत, आडोशाला बसतो. तिथे अंधारही मिळतो. ताव जास्त झाला तर पितळेतलं जस्त पांढऱ्या धुराने बाहेर पडतं. तो धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो. धूर दिसला म्हणजे ज्योत काढायची, आणि बंद खोलीत हे काम करायचंच नाही.

पाण्यात बुडवावं का, हे मला बऱ्याच जणांनी विचारलंय. लोहाराचा नियम इथे लागू नाही. पोलाद लाल करून पाण्यात घातलं की कडक होतं, पितळ होत नाही. नरम व्हायचं ते लाल होतानाच झालेलं असतं. पण पातळ तुकडा पाण्यात एकदम टाकला तर वेडावाकडा होतो, म्हणून मी विटेवरच गार होऊ देतो.

तावाने धरलेला काळा थर काढायला मी चिंचेचं पाणी वापरतो, घरात तांब्या-पितळेची भांडी त्यानेच उजळतात. अर्धा तास पुरे, मग मऊ दाताच्या ब्रशने हलकं घासून साध्या पाण्याने धुवायचं. एकदा गज रात्रभर त्यात राहिले तर सकाळी गुलाबी झाले होते, आंबटाने वरचं जस्त खाल्लं आणि तांबं उघडं पडलं. प्रायमरखाली ते दिसत नाही, तरी बारीक गजांना इतका वेळ ठेवू नये. भांडी घासायची पूड अजिबात नको, रेघा पुसल्या जातात.

सगळ्याच भागांना ताव देऊ नका, हे मला उशिरा कळलं. दरवाज्याशेजारच्या उभ्या दांड्या मी उत्साहात नरम केल्या आणि त्या बोटाच्या नुसत्या स्पर्शाने वाकू लागल्या. सरळ राहायचं आहे ते कडकच राहू द्यावं. काटकोनात दुमडायचे भागही तसेच बरे, खाल्लेल्या रेघेवर ते आपोआप स्वच्छ दुमडतात. छत, मडगार्ड, पाण्याच्या टाकीचा पट्टा, गोल कड्या, जाळ्या, अशा गोलाईच्या भागांनाच ताव. परदेशातून छापील रंग लावलेले, एचिंग केलेले तयार भाग येतात, त्यांना ज्योत दाखवली तर रंग जळतो. स्टेनलेस स्टीलचे भाग या टॉर्चने आणि या पद्धतीने नरम होत नाहीत. जर्मन सिल्व्हरचे (तांबं, जस्त आणि निकेल मिळून झालेला धातू) होतात, मी एका जुन्या तुकड्यावर करून पाहिलंय.

एकदा भरलेला टॉर्च मला चार-पाच बैठकांना पुरतो. गॅसचा डबा मला १५० रुपयांना मिळाला, तो अजून संपलेला नाही. जहाजाचे कठडे किंवा विमानाच्या कॉकपिटमधले कणभर भागच करायचे असतील तर मी स्पिरिटचा दिवा घ्या म्हणेन, त्याची ज्योत शांत असते आणि खर्चही कमी. पण हाताच्या तळव्याएवढे पत्रे वळवायचे असतील, मडगार्ड, छप्पर, बॉयलर, तर हा टॉर्च घ्या. घेताना दुकानातच दहा-बारा वेळा ठिणगी मारून बघा, आणि ज्योत बारीक करून मिनिटभर चालू ठेवायला सांगा. बारीक ज्योत फडफडत असेल तर दुसरा मागा.

माझे दोन डबे झालेत. तिसऱ्याच्या छताचा पत्रा काल एचिंगहून आलाय, आणि आज गच्चीवर वारा नाही.