मास्तरांच्या नाकाखालून अर्मानी

आधी निकाल सांगतो, उत्तरपत्रिका मागाहून. अर्मानी या इटालियन फॅशन-घराच्या महागड्या 'प्रिव्हे' अत्तर-मालिकेतली एकच बाटली मला तिच्या किमतीला जागणारी वाटली, ती 'ब्वा दांसां'. ज्याला रोज अंगावर मारायला काहीतरी हवंय त्याने प्रिव्हेच्या वाटेला जाऊ नये, मुकाट त्यांचंच 'अक्वा दी जिओ' घ्यावं.

मी डोंबिवलीचा, अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला. लेक मिलानला नोकरीला आहे, तिच्याकडे आम्ही दोघं राहून आलो. तिथे दुओमोला, म्हणजे शहरातल्या मोठ्या चर्चला, अगदी खेटून 'रिनाशेंते' हे बहुमजली दुकान आहे, तळमजल्यावर नुसता सुगंधांचा बाजार. जॉर्जो अर्मानी वैद्यकीचा अभ्यास अर्धवट टाकून 1957 साली याच रिनाशेंतेत कामाला लागले, तेही शोकेस सजवायला. स्वतःची कंपनी त्यांनी 1975 मध्ये काढली आणि सप्टेंबर 2025 मध्ये, वयाच्या 91 व्या वर्षी ते गेले. ज्या दुकानाच्या काचा सजवल्या तिथेच आज त्यांच्या नावाच्या बाटल्या मांडलेल्या. असो, मी तिथे भावुक व्हायला गेलो नव्हतो, हुंगायला गेलो होतो.

कपड्यांचं घर अत्तर स्वतः करतं अशी बऱ्याच जणांची समजूत असते. अर्मानीच्या नावाची अत्तरं फ्रान्सची लॉरेआल कंपनी परवान्यावर काढते, आणि तो परवाना थेट 2050 पर्यंतचा आहे. अर्मानींच्या मृत्युपत्रात कंपनीचा पहिला 15 टक्के हिस्सा विकताना ज्यांना अग्रक्रम द्यायला सांगितलंय, त्यांतही लॉरेआल आहेच. सूत्र बसवणारा माणूस आणखी तिसरा. ब्वा दांसांचं सूत्र मिशेल अल्मेराक यांचं. अक्वा दी जिओमागे आल्बेर्तो मोरिलास आणि त्यांचे सहकारी. शिंप्याचं नाव बाटलीवर, पण तपासायचं ते या मंडळींचं काम.

प्रिव्हे हे नाव अर्मानींच्या उंची, मोजमाप घेऊन शिवायच्या कपड्यांचंही आहे. त्या कपड्यांचा पहिला शो पॅरिसला जानेवारी 2005 मध्ये झाला. अत्तरं मात्र 2004 मध्येच आली, म्हणजे झग्यांच्या आधी बाटल्या. पहिल्या चारांत ब्वा दांसां होतं. काळपट बाटली आणि वर नदीतल्या गोट्यासारखं झाकण. हातात घेतल्यावर वजन जाणवतं. पैसे त्या वजनाचेही लावतात, हे ध्यानात ठेवा.

आत काय आहे? मिरी, धूप, देवदाराच्या जातीचं लाकूड आणि तळाशी वाळा. बस्स. अर्मानींना लहानपणी चर्चमध्ये आलेल्या धुपाच्या वासावरून हे बेतलंय असं सांगतात. असल्या गोष्टींवर माझा सहसा विश्वास नसतो, जाहिरातवाल्यांना प्रत्येक बाटलीला एक बालपण लागतंच. म्हणून पडताळा घेतला. मनगटावर एक फवारा मारून घेतला, बाहेर पडून शेजारच्या दुओमोचं तिकीट काढलं आणि आत एका खांबापाशी जाऊन उभा राहिलो. वास जुळला. अगदी तंतोतंत म्हणणार नाही. चर्चमधल्या वासात मेण, ओला दगड आणि माणसांची गर्दी असते, बाटलीत ती गाळून टाकलीय. राहिलाय तो कोरडा, थंड, किंचित लिंबासारखा धूर.

इथे मास्तर जागा झाला, क्षमा असावी. हा धूप म्हणजे बॉसवेलिया नावाच्या झाडांचा डिंक. आपल्याकडे मेळघाटात, सातपुड्यात जी सालई दिसते ती त्यांतलीच एक. ताज्या डिंकाच्या तेलात पाइनीन, लिमोनीन अशी हलकी संयुगं बरीच असतात, म्हणून पहिल्यांदा तो पाइनच्या आणि लिंबाच्या वळणाने जातो. ती भराभर उडून जातात. मागे जो जुनाट, देवळातला म्हणावा असा वास रेंगाळतो, तो कोणत्या रेणूंमुळे येतो याचा छडा फ्रान्समधल्या नीसच्या संशोधकांनी 2016 मध्ये लावला. त्यांना 'ओलिबॅनिक आम्लं' म्हणतात; तेलात ती अगदी नगण्य प्रमाणात असतात, पण नाकाला पुरतात. अल्मेराक यांनी 2004 मध्ये हे नाव माहीत नसताना नुसत्या नाकाच्या भरवशावर त्या वासाभोवती अख्खं अत्तर उभं केलं. त्याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी.

तोटाही सांगतो. हे अत्तर फार कमी बोलतं. हात नाकाजवळ नेला तर आहे, नाहीतर समोरच्याला पत्ता लागत नाही. मला ते आवडलं. लेक म्हणाली, "बाबा, एवढे पैसे मोजून कुणाला कळणारच नसेल तर उपयोग काय?" जावई तिच्या बाजूचे. शंभर मिलीच्या बाटलीला अक्वा दी जिओच्या दुपटीहून जास्त पडतात, तेव्हा तिचा मुद्दा अगदीच मोडीत काढता येत नाही.

प्रिव्हेतल्या इतर बाटल्यांबद्दल थोडक्यात. 'रोझ दाराबी' आणि 'ऊद रॉयाल' हे 2010 चे, अरबी वळणाचे. चांगले आहेत, पण गुलाब आणि अगरूची ही जोडगोळी आपल्याकडच्या अत्तरवाल्याकडे फायावर पिढ्यान्‌पिढ्या मिळते, आणि तिथे काचेच्या वजनाचे पैसे पडत नाहीत. 'व्हेतिव्हेर बाबिलोन' वाळ्याचं आहे म्हणून मोठ्या आशेने हुंगलं. वाळा आहे, पण इस्त्री केलेला, मातीचा कण न ठेवलेला. माठात वाळ्याची जुडी टाकून पाणी प्यायलेल्या माणसाला ते फिकं वाटणार. इटालियन माणसाला कदाचित तेच हवं असेल.

हिची पसंती निराळी पडली. 'रूज मालाकिट', 2016 चं. कागदाची पट्टी नाकाशी नेली आणि तिथेच म्हणाली, "अहो, ही तर गुलछडी!" बरोबर ओळखलं. संध्याकाळची, जरा लोण्यासारखी, भरगच्च गुलछडी, आणि दिवसभर टिकते. किंमत ऐकल्यावर तिने पट्टी तेवढी पर्समध्ये टाकली आणि बाटली परत केली. दादरच्या फूलबाजारात किलोवर मिळणारं फूल आहे ते, तिचा हिशोब मला पटला.

आता अक्वा दी जिओ. 1996 पासून विकलं जातंय आणि इतकं विकलं गेलंय की अत्तरांचे शौकीन नाक मुरडतात: लिफ्टमध्ये येतं, ऑफिसात येतं, विमानतळावर येतं. सिसिली आणि ट्युनिशिया यांच्या मधल्या पांतेलेरिया बेटावर अर्मानींचं घर होतं, तिथला समुद्र म्हणजे हे अत्तर. त्यातली समुद्राची हवा बहुतांशी कॅलोन या रेणूची. फायझरच्या प्रयोगशाळेत 1966 मध्ये सापडलेला हा रेणू, थोडा घातला तर खारा वारा, जास्त झाला की कलिंगड. इथे तो तोलून घातलाय, वर लिंबू-संत्र्याच्या जातीची फळं आणि खाली लाकूड. मे महिन्यात डोंबिवलीहून गाडी पकडणाऱ्याला याहून शहाणं अत्तर मी सुचवू शकत नाही, कारण घामात ते चिकट होत नाही. दुपारनंतर मात्र उरत नाही. लिंबूवर्गातले रेणू हलके, ते थांबणार किती? 2015 मध्ये आलेल्या 'प्रोफुमो'त याच समुद्राखाली धूप घातला होता, ती माझ्या मते या कुटुंबातली सगळ्यात हुशार भर. जुनी बाटली सापडली तर सोडू नका.

बायकांच्या 'सी'बद्दल (2013, क्रिस्तीन नाजेल) एवढंच: ब्लॅककरंट हे आंबटगोड फळ, गुलाब, व्हॅनिला. लग्नसराईत छान. 'कोड' गोड, मला सोसत नाही.

निवडताना एक करा. दुकानात कागदावर मारून पाच मिनिटांत ठरवू नका, तेवढ्यात फक्त वरचे हलके रेणू भेटतात. विक्रेती कितीही गोड बोलली तरी मनगटावर घ्या, बाहेर पडा, जेवून या. आणि घेतलंत तर बाथरूमच्या फळीवर नको, खोक्यात घालून कपाटात ठेवा. युरोपातल्या नियमाने खोक्यावर लिमोनीन, लिनालूल अशा वासाच्या द्रव्यांची नावं छापावी लागतात, ती वाचा. उजेडात आणि उकाड्यात हवा लागून सगळ्यात आधी बिघडतात ती हीच, आणि ज्यांना पुरळ उठतो त्यांना बऱ्याचदा त्या बिघडलेल्या मालाचाच त्रास होतो.