ब्रशच्या फॉन्टचे नमुनाचित्र पाहून पैसे देण्यापूर्वी

नाटकांच्या जाहिराती आणि दिवाळी अंकांची मुखपृष्ठे करणाऱ्यांना कोरड्या ब्रशने ओढल्यासारखा, खरखरीत कडांचा देवनागरी फॉन्ट नेहमीच हवा असतो. असे चांगले फॉन्ट मोजकेच असल्यामुळे त्यांच्या नावाने फसवणूक करणे सोपे झाले आहे. असाच एक फॉन्ट मी साडेतीन हजार रुपयांना घेतला. तो युनिकोड आहे, त्यात सर्व जोडाक्षरे आहेत आणि व्यावसायिक वापराचा परवाना सोबत मिळेल, असे विक्रेत्याने लेखी कळवले होते. पैसे त्याने यूपीआयने घेतले.

फाइलमध्ये निघाली ती केवळ सुटी अक्षरे. ‘महाराष्ट्र’ टाइप केले की ष आणि ट यांचे पाय मोडलेले दिसत, ‘सूर्य’मधला रफार य वर चढतच नसे, आणि ‘दुसऱ्या’ लिहिताना ऱ च्या जागी रिकामा चौकोन येई. परवान्याचा कागद तर आलाच नाही. विक्रेत्याने आधी माझ्या सॉफ्टवेअरकडे बोट दाखवले. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोजर हा देवनागरीसारख्या लिप्यांची अक्षरे नीट जुळवणारा पर्याय निवडलेला नसेल तर उत्तम फॉन्टचीही जोडाक्षरे तुटतात, त्यामुळे या उत्तरात तथ्य असू शकत होते. परंतु तो निवडूनही, आणि वर्ड व ब्राउझरमध्येही, तेच दिसले. त्यानंतर ‘डिजिटल माल परत घेतला जात नाही’ असा निरोप आला आणि माझा क्रमांक ब्लॉक झाला.

खरी लबाडी नमुनाचित्रातच होती. त्यातल्या ‘सरसेनापती’ या शब्दातले दोन्ही स मोठे करून पाहिल्यास पहिल्याच्या दांड्यावर ब्रशच्या केसांच्या तीन पांढऱ्या रेघा दिसतात, दुसऱ्याच्या दांड्यावर एकच. फॉन्टमध्ये पर्यायी अक्षररूपे घातलेली नसतील तर दोन स तंतोतंत सारखेच उमटतात, आणि या फाइलमध्ये स एकच होता. म्हणजे ते चित्र फॉन्टने टाइप केलेले नसून हाताने केलेले अक्षरांकन होते, आणि ते विक्रेत्याचे स्वतःचे तरी होते का, याचीही मला शंका आहे.

म्हणून आपल्या कामातले शब्द विक्रेत्याकडून टाइप करून घ्यावेत, तेही तयार चित्राच्या रूपात नव्हे, तर टाइप होतानाच्या व्हिडिओत. त्यात ‘कऱ्हाड’, ‘ज्ञानेश्वर’, ‘ॲप’ असे शब्द मुद्दाम असावेत. गूगल फॉन्ट्सवर ‘कलाम’सारखा मोफत, मुक्त परवान्याचा फॉन्टसुद्धा आपला मजकूर टाकून आधी पाहता येतो, मग पैसे मागणाऱ्याने ही सोय नाकारण्याचे कारणच काय?

मी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली असून व्यवहाराचा तपशील आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट जोडले आहेत. तेच नमुनाचित्र सध्या दुसऱ्या नावाने, निम्म्या किमतीत विकायला ठेवलेले आहे.