नवा विमानमार्ग सुरू करण्याची रूढ पद्धत : एक उन्हाळी आणि एक हिवाळी हंगाम वापरल्यानंतरचा अनुभव

नवा मार्ग सुरू करताना जगभरातले विमानतळ आणि विमान कंपन्या साधारण एकच संच वापरतात: मागणीचा अहवाल, शुल्कसवलत, निम्मी-निम्मी जाहिरात आणि पहिल्या दिवसाचा सोहळा. आठवड्याला तीन फेऱ्या आणि १८० आसनांचं विमान असलेल्या मार्गावर हा संच दोन पूर्ण हंगाम वापरून झाला, त्यावरचा हा अभिप्राय. मत आधीच सांगतो. संच कामाचा आहे, पण त्याचा सगळा भार पहिल्या दिवसावर पडतो. मार्ग टिकणार की नाही हे चौथ्या महिन्यापासून दिसू लागतं, आणि तोवर पैसा आणि उत्साह दोन्ही खर्च झालेले असतात.

मागणीचा अहवाल

अहवालाचा गाभा एकच आकडा असतो: आज या दोन शहरांमध्ये दररोज, एका दिशेने, कुठूनतरी वळसा घेऊन किती माणसं जातात? समजा ६०. म्हणजे आठवड्याला ४२०. तीन फेऱ्यांत एका दिशेने जागा ५४०. वळशाने जाणारा प्रत्येक जण थेट विमानात आला तरी ७८ टक्केच जागा भरतात. आणि प्रत्येक जण येत नाही. कुणाच्या ऑफिसचा दुसऱ्या कंपनीशी करार असतो, कुणाला आपले वार जमत नाहीत, कुणाचे पॉइंट दुसरीकडे साठलेले असतात. ६० टक्के आले तर २५२ प्रवासी, म्हणजे ४७ टक्के जागा. उरलेल्या जागा दोनच वाटांनी भरतात: थेट विमान मिळतंय म्हणून नव्याने निघणारे, आणि पलीकडच्या विमानतळावरून पुढचं विमान पकडणारे. हे दोन अंदाज अहवालात वेगवेगळे दाखवलेले नसतील तर तो करणाऱ्याकडे परत पाठवावा. एकत्र दिलेल्या आकड्यात फुगवटा कुठे आहे ते सापडत नाही.

आकडे कुठून आले हेही विचारावं. एजंटांच्या आरक्षण प्रणालीतून, म्हणजे जीडीएसमधून झालेली विक्री मोजता येते. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरची विक्री त्यात नसते. ती अंदाजाने वाढवून घेतात. जिथे स्वस्त सेवेच्या कंपन्या जास्त, तिथे हा अंदाज जास्त चुकतो. शिवाय मोठ्या विमानतळापर्यंत गाडीने जाऊन तिथून उडणारे लोक या तक्त्यात त्या मोठ्या विमानतळाचे प्रवासी म्हणून दिसतात. ते परत मिळवायचे असतील तर तिकीट घेणाऱ्याच्या पत्त्याच्या पिनकोडनुसार विक्रीची माहिती काढावी लागते. वेळखाऊ काम आहे, पण अहवालातला सर्वांत उपयोगी भाग हाच निघाला.

एक गोष्ट अहवालात जवळजवळ कधीच नसते: प्रतिस्पर्ध्यांचं उत्तर. थेट विमान सुरू झालं की वळशाने नेणाऱ्या कंपन्या आपलं जोडतिकीट, म्हणजे दोन विमानांचं मिळून एकच तिकीट, स्वस्त करतात. त्यांना त्या प्रवाशाकडून थोडेच पैसे मिळाले तरी चालतं, कारण त्यांचं विमान तसंही उडणार असतं. म्हणून आजच्या भाड्यावर बेतलेलं उत्पन्नाचं गणित आणखी १५-२० टक्के कमी भाडं धरून पुन्हा मांडावं. तरीही मार्ग उभा राहत असेल तरच पुढे जावं.

मागणी आहे म्हणून मार्ग चालतोच असंही नाही. विमान जुळावं लागतं. सिंगापूर-न्यूअर्क हा मार्ग २००४ मध्ये चार इंजिनांच्या ए३४०-५०० विमानाने सुरू झाला आणि २०१३ मध्ये बंद पडला. २०१८ मध्ये तोच मार्ग दोन इंजिनांच्या ए३५०-९००यूएलआरने पुन्हा उघडला, विमानात आसनं फक्त १६१. अंतर आणि शहरं तीच होती, इंधनाचं गणित बदललं. छोट्या मार्गालाही हेच लागू आहे: १८० आसनांनी न जमणारा मार्ग ७० आसनांच्या टर्बोप्रॉपने, म्हणजे पंख्याच्या छोट्या विमानाने, आठवड्याला सात फेऱ्यांत जमू शकतो, आणि रोज विमान असल्यामुळे कामासाठी प्रवास करणारा गिऱ्हाईकही मिळतो.

वार आणि स्लॉट

या भागात संच सर्वांत कमकुवत वाटला. वेळापत्रकात सोमवार १, रविवार ७ असे वार लिहितात. कंपनी नव्या मार्गाला बहुधा २-४-६ देते, कारण त्या दिवशी विमान मोकळं असतं. पण मंगळवार-गुरुवार-शनिवार हा साचा शनिवार-रविवार फिरायला जाणाऱ्यालाही नको असतो आणि सोमवारी कामावर पोचायचं असणाऱ्यालाही. तीनच फेऱ्या असतील तर १-५-७ किंवा १-४-७ मागावं. न मिळाल्यास निदान एक फेरी शुक्रवारी हवी. सवलत थोडी कमी करून चांगले वार मिळत असतील तर तो सौदा करावा.

उन्हाळी हंगाम मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि हिवाळी हंगाम ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो. दुसऱ्या टोकाचा विमानतळ गर्दीचा, म्हणजे लेव्हल ३ असेल तर तिथे स्लॉट, म्हणजे उतरण्या-उडण्याची ठरवून दिलेली वेळ, घ्यावा लागतो आणि एकेका वाराच्या एकेका वेळेची मालिका धरली जाते. पुढच्या वर्षी तीच वेळ हक्काने हवी तर ती मालिका किमान ८० टक्के वापरावी लागते. ३१ आठवड्यांच्या उन्हाळ्यात हे २५ उड्डाणं होतात. म्हणजे प्रत्येक वाराला सहाच रद्द करण्याची मुभा. विक्री मंद आहे म्हणून सुरुवातीच्या महिन्यात चार मंगळवार काढून टाकले तर पुढच्या सहा महिन्यांसाठी दोनच उरतात. हे गणित विमानतळाच्या माणसांनीही भिंतीवर लावून ठेवावं.

मार्चमध्ये आणखी एक अडचण येते. उत्तर अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे दोन्हीकडच्या वेळांत एक तासाचा फरक पडतो आणि नीट बसवलेली जोडउड्डाणं तुटतात. ते आठवडे वेळापत्रकात वेगळे तपासावेत.

शुल्कसवलत

सवलत कशावर द्यायची, यावर तिचा परिणाम ठरतो. उतराई शुल्क विमानाच्या कमाल वजनावर लागतं. त्यात सूट दिली तर रिकामं विमान उडवलं तरी कंपनीला ती मिळते. प्रवासी शुल्क माणसागणिक लागतं. तिथे सूट दिली तर प्रवासी आणल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. सुरुवातीचे सहा महिने पहिली आणि नंतर दुसरी, असा क्रम चांगला चालतो. पहिल्या महिन्यांतली जोखीम विमानतळ वाटून घेतो आणि पुढे कंपनीला विक्रीकडे लक्ष द्यावंच लागतं.

कायद्याची चौकट आधी पाहावी. युरोपीय संघाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वर्षाला ३० लाखांपेक्षा कमी प्रवासी असलेल्या विमानतळावरून नवा मार्ग सुरू करणाऱ्या कंपनीला विमानतळ शुल्काच्या ५० टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त तीन वर्षं मदत देता येते. अमेरिकेत विमानतळाच्या उत्पन्नातून कंपनीला थेट अनुदान देता येत नाही. शुल्कमाफी आणि जाहिरात मात्र चालते. म्हणून तिथे किमान उत्पन्नाची हमी बहुतेक वेळा स्थानिक व्यापारी मंडळं उभी करतात.

कराराच्या मसुद्यात ‘नवा मार्ग’ कशाला म्हणायचं हे नेमकं लिहावं. तसं नसेल तर एक हंगाम बंद ठेवून परत आलेला जुना मार्गही नवा म्हणून सवलत घेऊन जातो. सलग दोन हंगाम त्या शहराला, म्हणजे त्या शहराच्या कोणत्याही विमानतळाला, त्याच गटाच्या कंपनीची थेट सेवा नव्हती, ही अट पुरेशी पडते. सवलत ज्या तारखेला संपते त्याच तारखेला मार्ग संपण्याची भीती मोठी असते. त्यामुळे ७५, ५०, २५ टक्के अशी उतरती पायरी ठेवावी, आणि ठरलेल्या मुदतीआधी सेवा बंद केली तर किती रक्कम परत, हेही लिहावं.

विक्री उघडताना

घोषणा आणि विक्री एकाच तासाला सुरू झाली पाहिजे. बातमी सकाळी आणि तिकीट आठवड्याने, असं झालं की शोधायला आलेला माणूस जोडतिकीट घेऊन जातो. गर्दीच्या विमानतळाचे उन्हाळी स्लॉट आदल्या नोव्हेंबरमध्ये पक्के होतात. त्याआधी वेळा छापू नयेत.

त्यानंतर प्रत्यक्ष शोध घेऊन पाहावा. दोन विमानांमध्ये किमान किती वेळ हवा हे प्रत्येक विमानतळासाठी नोंदवलेलं असतं, त्याला एमसीटी म्हणतात. नोंदीत ६० मिनिटं आणि आपल्या दोन विमानांत ५५ असतील तर जीडीएस ती जोडी दाखवतच नाही. चूक कुठे दिसत नाही, तक्रार येत नाही, फक्त तिकिटं विकली जात नाहीत. टर्मिनल बदललं असेल तर एमसीटी वाढते, तेही बघावं. विक्री उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी पुढच्या वीस महत्त्वाच्या शहरांची जोडतिकिटं वेगवेगळ्या वारांना शोधून तक्ता करावा. एक माणूस, अर्धा दिवस. संपूर्ण संचात एवढ्या कमी खर्चात एवढा फायदा दुसऱ्या कशातच नाही, आणि तरीही हे काम कुणाच्याच यादीत नसतं. कोडशेअरची उड्डाणं, म्हणजे आपलंच विमान दुसऱ्या कंपनीच्या क्रमांकानेही विकलं जातं ती, प्रणालीत बऱ्याचदा उशिरा चढतात. त्यांची तारीख लेखी घ्यावी.

पहिला दिवस

केक, फीत, छायाचित्रं यांना अर्धा तास पुरतो. पाण्याच्या सलामीचं, म्हणजे अग्निशमन बंबांनी विमानावर धरायच्या पाण्याच्या कमानीचं, मात्र नीट आखावं लागतं. आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, नियमांनुसार विमानतळाची अग्निशमन श्रेणी बंबांची संख्या आणि पाण्याचा साठा यांवर टिकते. ए३२० ला श्रेणी ६ लागते आणि ए३२१ ला ७; दोन्हींना दोन बंब हवेत, आणि फोम बी दर्जाचा असेल तर श्रेणी ७ ला १२,१०० लिटर पाणी. विमानतळाकडे दोनच बंब असतील आणि दोन्हींनी कमान धरली, तर टाक्या पुन्हा भरेपर्यंत श्रेणी खाली येते आणि पुढचं विमान खोळंबतं. उपाय साधा आहे: सलामी राखीव बंबाने द्यावी, नाहीतर पुढच्या उड्डाणाआधी भरायला लागणारा वेळ मोजून वेळापत्रकात धरावा. आडवा वारा जोराचा असेल तर कमान मोडते आणि पाणी एप्रनवरच्या, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागेवरच्या, माणसांवर येतं; अशा दिवशी ती रद्द करावी. टाकीत फोम मिसळलेला नाही हे चालकाने आदल्या दिवशी तपासावं. विमान थांबून परत निघायला एरवी ३५ मिनिटं ठेवत असाल तर त्या दिवशी ६० ठेवा. पहिलंच उड्डाण उशिरा गेलं तर बातमी त्याचीच होते.

चौथ्या महिन्यापासून

उद्घाटनाचं स्वस्त भाडं विमान भरतं आणि आकडे सुंदर दिसतात. त्यात दोन तोटे लपलेले आहेत. गिऱ्हाइकाच्या मनात तेच भाडं बसतं आणि नेहमीचं भाडं त्याला लूट वाटतं. शिवाय भरलेल्या जागांवरून यश मोजणाऱ्याला उत्पन्न दिसत नाही, आणि कंपनीचं मुख्यालय उत्पन्नच बघतं. स्वस्त जागा प्रत्येक उड्डाणात ठरावीक, समजा पंधरा, आणि पहिल्या सहा आठवड्यांपुरत्याच ठेवाव्यात.

जाहिरातीचा निधी विमानतळ आणि कंपनी दोघांचा निम्मा-निम्मा असतो, आणि तो जवळजवळ सगळा आपल्याच शहरात खर्च होतो, कारण मंजुरी देणाऱ्यांना तो तिथे दिसतो. पण विमान दोन्हीकडून भरायचं असतं. एकूण विक्रीत पलीकडच्या टोकाचा वाटा तिसऱ्या महिन्यातही पाव भागापेक्षा कमी असेल तर तिकडचे ट्रॅव्हल एजंट आणि पर्यटन संस्था यांच्यावर पैसे लावावेत. आमच्या मते निम्म्याहून जास्त रक्कम पहिल्या उड्डाणानंतरसाठी राखावी, आणि त्यातली मोठी रक्कम पहिल्या हिवाळ्याची विक्री उघडते तेव्हासाठी. सुट्टीसाठी जाणारे एकदोन महिने आधी खरेदी करतात, कामासाठी जाणारे शेवटच्या दोन आठवड्यांत. दोघांना एकाच वेळी एकच जाहिरात दाखवणं वाया जातं.

पुढचा उन्हाळा ठेवायचा की स्लॉट परत करायचे, याची मुदत १५ जानेवारी. हिवाळ्यासाठी १५ ऑगस्ट. कंपनीचा निर्णय त्याआधी काही आठवडे झालेला असतो. म्हणून विमानतळाने आढाव्याची बैठक डिसेंबरच्या पहिल्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात मागावी. सोबत न्यायचे कागद: वारनिहाय भरलेल्या जागा, दोन्ही टोकांची वेगवेगळी विक्री, जोडप्रवाशांचा वाटा, विमानाच्या पोटातून गेलेला माल, प्रतिस्पर्ध्यांचं आजचं जोडभाडं, आणि पुढच्या हंगामासाठी राखून ठेवलेल्या जाहिरात निधीचा आकडा, सहीसह.