चार्जिंगची तक्रार शोधायला मल्टिमीटर घ्यावा की बॅटरी टेस्टर?

गाडीची बॅटरी वारंवार उतरते तेव्हा दोष सहसा तीन ठिकाणी असतो. एकतर बॅटरी थकलेली असते, नाहीतर अल्टरनेटरचं चार्जिंग पुरत नाही, नाहीतर गाडी बंद असताना कुठेतरी करंट खाल्ला जातो. टेस्टर पहिल्या प्रश्नात पटाईत आहे. अर्धवट उतरलेल्या बॅटरीचीही आतली अवस्था तो बऱ्यापैकी ओळखतो. सेल्फ मारतानाचा क्षणिक व्होल्टेजही अनेक टेस्टर पकडतात आणि तो ९.६ व्होल्टच्या खाली गेला तर बॅटरीवर संशय घ्यायला जागा असते. साधा मल्टिमीटर सेकंदाला दोन-तीनदाच वाचतो, त्यामुळे तो क्षण त्याच्याकडून हुकतो.

मला टेस्टरचं खटकतं ते सीसीए, म्हणजे थंडीत सेल्फ मारायला बॅटरी किती अँपिअर देऊ शकते तो आकडा. तपासणीआधी तो हा आकडा मागतो. आपल्याकडच्या पुष्कळ बॅटऱ्यांवर ३५ एएच, ४४ एएच (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) असं ठळक छापलेलं असतं, सीसीए मात्र शोधावा लागतो आणि कधी सापडतच नाही. मग अंदाजाने आकडा भरला जातो. ३०० च्या बॅटरीला ४०० भरलं, की धडधाकट बॅटरी ‘बदला’ म्हणून येते. ४०० च्या बॅटरीला ३०० भरलं, तर थकलेलीही पास होते. निकाल दोन्ही वेळा सारख्याच ठामपणे स्क्रीनवर येतो आणि त्याच्या भरवशावर माणूस नवी बॅटरी घेऊन बसतो. लेबलवर ३८बी२०एल सारखा जपानी कोड असेल आणि टेस्टर तो थेट घेत असेल, तर ही अडचण उरत नाही.

मल्टिमीटर निकाल देत नाही, आकडा देतो. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. नुकतीच गाडी चालवली असेल तर हेडलाइट दोन मिनिटं लावून बंद करा, थोडं थांबा, मग मोजा. नाहीतर आकडा फुगलेला येतो.

इंजिन चालू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावा, १५०० ते २००० आरपीएम ठेवा. बॅटरीवर १३.८ ते १४.७ यायला हवेत. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर, म्हणजे अल्टरनेटरचा व्होल्टेज काबूत ठेवणारा भाग, पाहा. नव्या काही गाड्यांत ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) चार्जिंग मुद्दाम कमी करतो, म्हणून हेडलाइट-ब्लोअरचा लोड न लावता आलेल्या १२.९ वरून अल्टरनेटर उतरवायला सांगू नका.

आकडा कमी आला, तर मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या बी-प्लसवर (बॅटरीकडे जाणारी जाड वायर जिथे जोडलेली असते तिथे) आणि दुसरं बॅटरीच्या प्लसवर ठेवा. लोड असताना ०.३ पेक्षा जास्त फरक दिसला तर वायर किंवा जोड खराब आहे. मग अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांत मोजा. इथे ०.२ च्या वर म्हणजे अर्थिंग गेलेलं. कोकणातल्या दमट हवेत अर्थिंगच्या पट्ट्या अशाच गंजतात आणि दोष अल्टरनेटरच्या माथी मारला जातो. पट्टी घासून घट्ट करण्याचं काम असतं, आणि टेस्टरने ते सहसा कळत नाही. म्हणून एकच घ्यायचं असेल तर माझा कौल, थोडा भीतभीतच, मल्टिमीटरला.

घेताना एसी व्होल्टची लहान रेंज पाहा. इंजिन चालू असताना बॅटरीवर ०.५ च्या वर एसी दिसला तर अल्टरनेटरचा डायोड गेलेला असू शकतो. अगदी स्वस्त मीटरला २०० व्होल्टपासूनच एसी रेंज असते, त्यावर हे वाचता येत नाही. आणि अल्टरनेटर तपासायला चालू इंजिनवर बॅटरीची वायर कुणालाही काढू देऊ नका. व्होल्टेज उसळून ईसीएम जाऊ शकतो.

करंट खाल्ला जातोय का हे पाहायला बॅटरीच्या मायनसची वायर सोडवा, मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावा आणि मीटर टर्मिनल व सुटलेल्या वायरच्या मध्ये जोडा. दारं बंद करून अर्धा तास थांबा, ५० मिलिअँपिअरच्या आत आलं तर ठीक. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका. मोजून झालं की लाल वायर व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत लावा. ती १० अँपिअरच्या सॉकेटमध्येच राहिली आणि पुढच्या वेळी बॅटरीच्या दोन टोकांवर टेकवली, तर थेट शॉर्ट होतो.