किकस्टार्टर: आगाऊ आलेला पैसा आणि हाती उरलेले भांडवल

कलाकाराला किंवा नव्या उद्योजकाला पैसा लागतो तो काम होण्यापूर्वी, आणि मिळतो तो काम विकले गेल्यानंतर. मधले हे अंतर आजवर सावकार, बँका, प्रकाशक, संगीत कंपन्या आणि गुंतवणूकदार यांनी भरून काढले आणि त्याचा मोबदला व्याज, हक्क किंवा मालकीतील वाटा या रूपाने वसूल केला. पेरी चेन, यॅन्सी स्ट्रिकलर आणि चार्ल्स ॲडलर यांनी २८ एप्रिल २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेली किकस्टार्टर ही सेवा तेच अंतर भावी ग्राहकांच्या वर्गणीतून भरून काढण्याची सोय करते. कल्पना मुळात जुनीच आहे. १८८५ मध्ये स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा बांधण्यासाठी जोसेफ पुलित्झर यांच्या वर्तमानपत्राने लाखाहून अधिक लोकांच्या छोट्या छोट्या वर्गण्यांमधून एक लाख डॉलरच्या वर रक्कम उभी केली होती. किकस्टार्टरने या जुन्या पद्धतीला मुदत, नियम आणि हिशेब यांची चौकट दिली. ही चौकट पैसा उभा करते हे उघडच आहे. त्या पैशाचे भांडवल होते का, हा मात्र वेगळा प्रश्न आहे आणि या परीक्षणात मला तोच तपासायचा आहे.

सेवेचे स्वरूप थोडक्यात असे. निर्माता आपल्या प्रकल्पाचे पान तयार करतो, किती रक्कम हवी ते लक्ष्य जाहीर करतो, जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत ठरवतो आणि वेगवेगळ्या रकमांच्या बदल्यात काय मिळेल ते लिहितो. पाठीराखा रकमेचे वचन देतो, पण त्याच्या कार्डावरून पैसे कापले जातात ते मुदत संपल्यावर आणि लक्ष्य गाठले गेले असेल तरच. एका डॉलरनेही लक्ष्य हुकले तर निर्मात्याला काही मिळत नाही आणि पाठीराख्याचे काही जात नाही. यशस्वी मोहिमेतून किकस्टार्टर ५ टक्के शुल्क घेते. त्याखेरीज पैसे वळते करण्याचा खर्च साधारण ३ टक्के आणि प्रत्येक वचनामागे २० सेंट इतका असतो. २०० जणांनी प्रत्येकी ५० डॉलर दिले तर जमा १० हजार डॉलर, त्यातून ५०० डॉलर किकस्टार्टरचे, ३४० डॉलर व्यवहाराचे आणि निर्मात्याच्या हाती ९ हजार १६०. हे शुल्क मला जाचक वाटत नाही, कारण त्या बदल्यात निर्मितीवरचा हक्क संपूर्णपणे निर्मात्याकडेच राहतो. हक्क गहाण न टाकता आगाऊ पैसा मिळणे ही गोष्ट ज्या कलाकाराने एकदा तरी प्रकाशकाचा किंवा संगीत कंपनीचा करार बारकाईने वाचला आहे, त्याला वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

‘सगळे किंवा काहीच नाही’ हा नियम अनेकांना कठोर वाटतो आणि इंडिगोगो या सेवेने जमेल तेवढी रक्कम उचलण्याचा पर्याय देऊन त्या नाराजीचा फायदाही घेतला. माझ्या मते किकस्टार्टरचा सर्वांत चांगला भाग हाच नियम आहे. १० हजारांच्या कामासाठी ३ हजार हातात पडले तर निर्माता निम्म्या तयारीने काम सुरू करतो, पाठीराख्यांना दिलेली वचने मात्र पूर्ण कामाची असतात, आणि दोन्ही बाजूंचे नुकसान तेथेच ठरून जाते. शिवाय हा नियम बाजाराची एक स्वस्त चाचणी करून देतो: किकस्टार्टरवरील सुमारे १० पैकी ४ मोहिमाच यशस्वी होतात, आणि ज्या फसतात त्यांतील बहुतेक लक्ष्याच्या पाचव्या हिश्शापर्यंतही पोहोचत नाहीत. ज्या वस्तूला मागणी नाही ती तयार करून गोदामात साठवण्यापेक्षा महिनाभरात नकार ऐकून घेणे कितीतरी परवडते. वर्तमानपत्रांत गाजतात त्या कोट्यवधींच्या मोहिमा. प्रत्यक्षात यशस्वी प्रकल्पांपैकी बहुतेकांची जमा १० हजार डॉलरच्या आतच असते, हेही येथे नोंदवायला हवे.

आता देवाणघेवाणीकडे वळतो, कारण गैरसमज तेथेच सर्वाधिक आहेत. किकस्टार्टर हे दुकान नाही, असे त्या कंपनीने २०१२ मध्येच जाहीरपणे सांगितले. तो शेअर बाजारही नाही. पाठीराखा येथे ग्राहक आणि गुंतवणूकदार यांच्यामधल्या विचित्र जागी उभा असतो: वस्तू न मिळण्याची जोखीम तो गुंतवणूकदारासारखी पत्करतो, पण नफ्यात त्याचा वाटा शून्य असतो. २०१२ मध्ये ऑक्युलस रिफ्ट या आभासी वास्तवाच्या उपकरणासाठी साडेनऊ हजार लोकांनी मिळून २४ लाख डॉलर दिले. मार्च २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी २ अब्ज डॉलरना विकत घेण्याचे जाहीर केले, तेव्हा आपण लावलेल्या रोपाचे फळ दुसऱ्याच्या पदरात पडले अशी भावना अनेक पाठीराख्यांनी व्यक्त केली. कायद्याने त्यांचे काहीच देणे लागत नव्हते आणि करारात तसे कोठेही लिहिलेले नव्हते. तरीही त्यांची चिडचिड मला अगदीच अनाठायी वाटत नाही. त्यांनी दिलेली रक्कम किरकोळ होती. त्यांच्या संख्येने त्या कंपनीला जी पत मिळवून दिली ती किरकोळ नव्हती, आणि त्या विश्वासाची किंमत त्यांच्या हिशेबात कोणीच धरली नाही.

निर्मात्याच्या बाजूने पाहिले तर याहून मोठा धोका दिसतो, आणि सेवेची माहिती देणारी पाने त्याबाबत पुरेशी स्पष्ट नाहीत. मोहीम संपल्यावर साधारण दोन आठवड्यांनी खात्यात जमा होणारी रक्कम कमाई वाटते, पण ती हजारो न दिलेल्या वस्तूंची आगाऊ किंमत असते. जमाखर्च जाणणारा माणूस ती रक्कम देण्यांच्या बाजूला मांडेल. २०१४ मध्ये कूलेस्ट कूलर या शीतपेटीसाठी ५० हजार डॉलरचे लक्ष्य असताना ६२ हजारांवर लोकांनी १ कोटी ३२ लाख डॉलर दिले. उत्पादनाचा खर्च अंदाजाबाहेर गेला, रोकड मिळवण्यासाठी पाठीराख्यांच्या आधी बाहेरच्या ग्राहकांना माल विकण्याची वेळ आली, आणि २०१९ च्या अखेरीस कंपनी बंद पडली तेव्हा हजारो पाठीराखे रिकाम्या हातांनी राहिले. येथे मागणी कमी पडली नाही, उलट मागणीच अंगावर आली. पेबल या मनगटी घड्याळाची गोष्ट अधिक बोलकी आहे. त्या कंपनीने २०१२ मध्ये १ कोटी २ लाख, २०१५ मध्ये २ कोटी ३ लाख आणि २०१६ मध्ये १ कोटी २८ लाख डॉलर याच मंचावर जमवले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती बंद झाली. तिची काही मालमत्ता फिटबिट या मनगटी उपकरणांच्या कंपनीने घेतली आणि ज्यांची घड्याळे बनलीच नव्हती त्यांना पैसे परत मिळाले. तीन वेळा एवढा पैसा उभा करू शकणारी कंपनी तिसऱ्या मोहिमेनंतर तग धरण्याइतकीही शिल्लक मागे टाकू शकली नाही.

हे अपवाद आहेत असे कोणी म्हणेल आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ईथन मॉलिक यांच्या २०१५ च्या पाहणीत, निधी मिळालेल्या प्रकल्पांपैकी सुमारे ९ टक्केच कबूल केलेला मोबदला देण्यात अपयशी ठरल्याचे दिसले. असे घडल्यास पैसा कोठे खर्च झाला ते सांगणे आणि उरलेली रक्कम परत करण्याची तयारी दाखवणे निर्मात्यावर बंधनकारक आहे. किकस्टार्टर स्वतः त्या करारात पक्षकार नाही, त्यामुळे तंटा पाठीराखा आणि निर्माता यांच्यातच राहतो. ५ टक्के घेणाऱ्या मध्यस्थाने एवढे अंग काढून घ्यावे हे मला पटत नाही.

मग या सेवेतून टिकून काय राहते? याचे उत्तर कलाकारांच्या मोहिमांत अधिक स्वच्छ दिसते. अमांडा पामर या गायिकेने आपल्या जुन्या संगीत कंपनीतून बाहेर पडल्यावर २०१२ मध्ये जवळपास २५ हजार चाहत्यांकडून ११ लाख ९२ हजार डॉलर जमवले. तिने खर्चाची फोड जाहीर केली तेव्हा ध्वनिमुद्रण, छपाई, टपाल आणि जुनी देणी यांत बहुतेक रक्कम जाणार हे स्पष्ट झाले. तिच्याजवळ राहिले ते स्वतःच्या संगीताचे हक्क आणि पैसे देण्याची सवय झालेले हजारो श्रोते. २०१५ मध्ये ती पेट्रिऑन या नियमित वर्गणीच्या सेवेकडे वळली तेव्हा याच श्रोत्यांचा आधार तिला मिळाला. मार्च २०२२ मध्ये ब्रँडन सँडरसन या कादंबरीकाराने १ लाख ८५ हजार वाचकांकडून ४ कोटी १७ लाख डॉलर जमवले, आणि त्या वेळी त्याच्या चारही कादंबऱ्या लिहून झालेल्या होत्या. म्हणजे जोखमीचा सर्वांत अवघड भाग त्याने मोहिमेपूर्वीच स्वतःच्या वेळेतून उचलला होता, आणि वाचकवर्ग तर त्याने कित्येक वर्षांत जमवलेला होता. किकस्टार्टरने त्याला भांडवल दिले असे म्हणता येणार नाही. त्याच्याजवळ असलेल्या भांडवलाचे महिनाभरात रोकडीत रूपांतर करून दिले. हे काम ही सेवा फार उत्तम करते. जो अनोळखी माणूस मंचावर आपोआप गर्दी लोटेल या आशेने येतो, त्याला मात्र आपली गर्दी स्वतःच आणावी लागते.

बाकीच्या बाबी किरकोळ आहेत. पाने सुटसुटीत आहेत, वस्तू बनवणाऱ्यांना प्रत्यक्ष नमुना दाखवावाच लागतो हा नियम योग्य आहे, आणि निर्माता म्हणून नोंदणी ठरावीक देशांतील रहिवाशांनाच करता येते ही मर्यादा आधी तपासून घ्यावी. कंपनीने २०१५ मध्ये नफ्याबरोबर लोकहितही कायद्याने बंधनकारक मानणारे स्वरूप स्वीकारले, याला मी महत्त्व देतो, पण त्यामुळे निर्मात्याच्या रोजच्या हिशेबात काही फरक पडत नाही.

पुस्तक, ध्वनिमुद्रण, पटावरचे खेळ, मर्यादित प्रतींची चित्रे, म्हणजे ज्यांचा खर्च प्रतीमागे नेमका मांडता येतो अशा कामांसाठी मी ही सेवा निःसंकोच सुचवेन. पहिल्यांदाच कारखान्यात जाणाऱ्या गुंतागुंतीच्या उपकरणासाठी दुसरीकडून खेळते भांडवल हाताशी असल्याखेरीज सुचवणार नाही. लक्ष्य ठरवताना शुल्क, टपाल, कर आणि काही टक्के बिघाड धरून मगच आकडा लिहावा, आणि त्यात स्वतःच्या श्रमाचे पैसेही धरावेत, कारण बहुतेक कलाकार नेमके तेच विसरतात. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी: सुरू झालेल्या मोहिमेचे पान, ती यशस्वी होवो वा न होवो, निर्मात्याला पुसून टाकता येत नाही, आणि दुसऱ्या मोहिमेला येणारा जाणता पाठीराखा पैसे देण्याआधी पहिल्या पानाखालच्या प्रतिक्रिया वाचून येतो.