पिल्लू आणावं की मोठं कुत्रं? घरात दोन्ही असलेल्याचं मत

ऑफिसातल्या एका जोडप्यानं परवा चहाच्या टपरीवर विचारलं, "शेल्टरमधून कुत्रं आणायचं नक्की केलंय. पिल्लू आणू की मोठं?" मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलून सुटलो. त्यांचं अजून ठरत नाहीये, म्हणून जरा नीट लिहितो. लस, नसबंदी, जंताचं औषध, विकत घेण्यापेक्षा दत्तक का घ्यावं, हे सगळं माहीत आहे असं धरून चालतो.

माझ्याकडे दोन आहेत. बंड्या जून २०२० मध्ये आला, तेव्हा पन्नास दिवसांचा होता. अक्का आली जानेवारी २०२३ मध्ये. तिचे दात बघून डॉक्टर म्हणाले, चार-पाच वर्षांची असेल. दोघंही गावठी, पुण्याजवळच्या दोन वेगवेगळ्या शेल्टरमधली. आम्ही सिंहगड रोडला चौथ्या मजल्यावर राहतो: मी, बायको आणि आई. म्हणजे माझा सगळा अभ्यास दोन कुत्र्यांवरचा आहे. तेवढ्याच मापानं वाचा.

पिल्लाची वकिली करावी लागत नाही, ते स्वतःच करतं. बंड्याला आणताना तो बायकोच्या ओढणीत झोपला होता आणि घर येईपर्यंत एकदाही उठला नाही. त्याच्या तोंडाला तो दुधाळ, जरासा आंबूस वास यायचा. तो वास दोनेक महिन्यांत गेला, त्याची आठवण अजून निघते. तुमच्यासमोर वाढलेल्या कुत्र्याचं एक सुख असतं, ते मी नाकारत नाही. पहिल्यांदा पाय वर करून मुतला तो दिवससुद्धा आमच्या लक्षात आहे.

बाकी जे होतं ते होतंच. रात्री दर दोन-अडीच तासांनी उठणं, राउटरची वायर, सोफ्याचा पाय, आईची जपाची माळ (१०८ पैकी ९७ मणी सापडले). सुईसारखे दात. हे सगळं सहा-आठ महिन्यांत संपतं, त्यामुळे त्यावरून कुणी निर्णय बदलू नये.

माझा निर्णय बदलला तो दारावरच्या बेलवरून.

बंड्या आला तेव्हा आमच्याकडे कुणी येत नव्हतं. १३ जुलैला पुण्यात पुन्हा दहा दिवसांची टाळेबंदी लागली. दूध खाली गेटवर, भाजी खाली गेटवर. त्यानं जगात पाहिलेली माणसं तीन, त्यातली दोन बाहेरून आली की मास्कमध्ये. बेल म्हणजे काय हे त्याला वर्षभर माहीतच नव्हतं. मग एक दिवस कुरिअरवाला आला आणि बेल वाजली.

तेव्हापासून आजपर्यंत प्रकार तोच आहे. बेल वाजली की आधी फरशीवर नखांचा खरखर आवाज येतो. मग तो दारावर आदळतो. दाराच्या आतल्या बाजूचा खालचा दीड फूट रंग गेलाय. भुंकणं मोठं, पण शेपूट पोटाखाली. दार उघडलं की मागे सरकत मोरीपर्यंत जातो आणि तिथे दोन थेंब मुततो. बघणाऱ्याला वाटतं केवढा राखणदार आहे. तो घाबरलेला असतो. पाहुणा बसून पाणी प्यायला तरी भुंकणं चालूच. हेल्मेट घातलेला माणूस असेल तर मग बघायलाच नको. आणि आता दिवसाला बेल किती वेळा वाजते? किराणा, औषधं, कुणाचं तरी चुकून आलेलं पार्सल. आईची दुपारची झोप गेली. दारावर कागद लावला, 'बेल वाजवू नये, फोन करावा'. तो कागद वाचत वाचत लोक बेल दाबतात.

उपाय केले नाहीत असं नाही. ट्रेनर लावला. मोबाईलवर बेल रेकॉर्ड करून हळू आवाजात वाजवायची आणि चिकनचा तुकडा द्यायचा, रोज थोडा आवाज वाढवायचा. चार महिने केलं. आता मोबाईलमधली बेल वाजली की बंड्या शहाण्यासारखा बसून चिकनची वाट बघतो. दारावरची वाजली की पुन्हा तेच. दोन्हींतला फरक त्याला आमच्यापेक्षा चांगला कळतो.

यात कुत्र्याचा दोष नाही. पिल्लाचा जगाशी ओळख करून घेण्याचा काळ फार छोटा असतो, साधारण ३ ते १२-१४ आठवडे. अमेरिकेत जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी यावर बरीच वर्षं काम केलं. तिथल्याच १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लांना १४ आठवड्यांपर्यंत माणसाचा सहवास मिळू दिला नव्हता. नंतर ती रानटी जनावरासारखी माणसापासून पळायची. बंड्याचं इतकं टोकाचं झालं नाही, घरच्यांच्या तो अंगावर लोळतो. पण त्याचं जग तीन माणसांवर बंद झालं ते झालंच.

आता तुम्ही म्हणाल, हे लॉकडाऊनचं पिल्लू, यावरून सगळ्यांना कशाला मोजता? बरोबर आहे. पण दोन गोष्टी बघा. एक, पिल्लाच्या लसींचा शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या आसपास असतो. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, म्हणून तोवर खाली सोडू नका असं बहुतेक डॉक्टर सांगतात. म्हणजे ज्या काळात जग दाखवायचं, नेमक्या त्याच काळात पिल्लू घरात. यावर तोड आहे: पहिली लस होऊन आठवडा झाला की कडेवर घेऊन हिंडवायचं. रिक्षा, भाजीवाला, शाळा सुटतानाचा गोंगाट, रेनकोटमधली माणसं, सगळं रोज उचलून दाखवायचं. हे करणारी माणसं आहेत, त्यांची कुत्री छान होतात. दुसरी गोष्ट, तुम्ही दोघं सकाळी नऊला निघता आणि सातला घरी येता. मग हे कोण करणार? तुमच्या पिल्लाला लॉकडाऊन तुमच्या फ्लॅटमध्येच मिळेल.

शेल्टरमधल्या पिल्लांचं आणखी एक असतं. बरीचशी आईपासून फार लवकर तुटलेली असतात, कुणीतरी खोक्यात घालून गेटवर ठेवलेली. किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे पिल्लू भावंडांशी मस्ती करताना शिकतं. भावंडं लवकर सुटली की तो धडा तुमच्या मनगटावर गिरवला जातो.

आता अक्का. हे नाव शेल्टरचंच, आम्ही बदललं नाही. ती काळीभोर आहे, एका कानाला नसबंदी झाल्याची खूण म्हणून पाडलेली खाच. शेल्टरमध्ये तीन वर्षं होती. पिल्लं आठ-पंधरा दिवसांत जातात, मोठी राहतात, आणि त्यातही काळी सगळ्यात शेवटी. शनिवारी पोळी घालायला काळं कुत्रं शोधत गल्लीभर फिरणारे लोक मी पाहिलेत. घरी न्यायचा विषय आला की त्यांना 'जरा फिकट' हवं असतं. असो.

पहिले तीन दिवस अक्का वॉशिंग मशीनच्या मागे बसून होती. रात्री दिवे बंद केले की जेवायची. शेल्टरवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब सांगतात: तीन दिवस भेदरलेपण, तीन आठवड्यांत घराची शिस्त, तीन महिन्यांत घर आपलं वाटणं. आमच्याकडे शेवटच्या टप्प्याला पाच महिने लागले. गुळगुळीत फरशी तिनं कधी पाहिली नव्हती, चारही पाय चार दिशांना जायचे. बाल्कनीपासून स्वयंपाकघरापर्यंत सतरंज्या अंथरल्या. मिक्सर लागला की गायब. लिफ्टमध्ये पाय टाकेना, तीन आठवडे चार मजले जिन्यानं, दिवसातून चार वेळा. माझं वजन उतरलं, हा फायदा.

शी-शूचं मला वाटलं होतं तितकं कठीण गेलं नाही. ती पहिल्या दिवसापासून घरात धरून ठेवायची. अडचण वेगळीच. तीन वर्षं सिमेंटच्या पिंजऱ्यात काढल्यामुळे तिला गवतावर होईना, पार्किंगच्या लाद्या दिसल्या की तिथेच. चेअरमनकाका दोन दिवस काही बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बादली आणून दिली. (सोसायटीला कुत्री पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक आहे. पण ते चेअरमनच्या तोंडावर फडकवण्यापेक्षा बादली उचलणं स्वस्त पडतं.)

मोठ्या कुत्र्यासोबत त्याचा भूतकाळ येतो आणि तो कुणीच सांगू शकत नाही. आई जळमटं काढायला लांब दांड्याचा झाडू उचलते, की अक्का अजूनही पलंगाखाली. कुठल्या चौकातला हिशेब आहे कोण जाणे. आजारही येतात. चौथ्या महिन्यात खाणं सोडलं, हिरड्या पांढऱ्या पडल्या. रक्त तपासलं तर गोचीडताप, प्लेटलेट बऱ्याच खाली. २८ दिवस डॉक्सिसायक्लिन, चिकनच्या तुकड्यात लपवून. म्हणून आणतानाच पूर्ण रक्ततपासणी करून घ्या, शेल्टरवाले 'ठणठणीत आहे' म्हणाले तरीही.

आणि ती आता सात-आठ वर्षांची आहे. हनुवटी पांढरी व्हायला लागलीय. पिल्लू आणणाऱ्याला हा हिशेब इतक्या लवकर करावा लागत नाही. या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण बेल वाजली की अक्का काय करते, सांगतो. खाच असलेला कान तेवढा वर होतो. दाराकडे एकदा बघते. मग हनुवटी परत पुढच्या पायांवर, आणि नाकातून एक मोठा सुस्कारा. झालं. पहिल्यांदा हे झालं तेव्हा बायको आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो, दारात पार्सलवाला ताटकळत होता.

यात आमचं काही कर्तृत्व नाही. ती तशीच होती आणि आम्ही ते बघून आणलं, मोठ्या कुत्र्याचा सगळा फायदा हाच. पिल्लाचा फोटो बघून तुम्ही फक्त आशा करू शकता. ते केवढं वाढेल हेही सांगता येत नाही. 'लहान चणीचा राहील' असं बंड्याबद्दल सांगितलं होतं, तो बावीस किलोचा आहे. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर असतो, फक्त विचारायचं कुणाला हे कळायला हवं. शेल्टरच्या ऑफिसात फॉर्म भरून घेणाऱ्याला विचारू नका. जो रोज खाणं घालतो त्याला गाठा. आम्हाला तिथल्या कामवाल्या मावशी म्हणाल्या, "ही ना, भांडी पडली तरी उठत नाही." मी मोबाईलवर बेल वाजवून बघायचा शहाणपणाही केला, पण चाळीस कुत्र्यांच्या भुंकण्यात ती मलाच ऐकू आली नाही. शेवटी तिला पट्टा लावून गेटबाहेर नेलं. एक टेम्पो कर्कश हॉर्न मारत अगदी जवळून गेला. तिनं जांभई दिली.

तेव्हा पिंजऱ्यातल्या वागण्यावरून ठरवू नका. पिंजऱ्यात वेड्यासारखं भुंकणारं कुत्रं बाहेर गरीब गाय निघतं, कोपऱ्यात गप्प बसलेलं कधीकधी भीतीनं गोठलेलं असतं. दोन-तीनदा जा, वेगवेगळ्या वेळी. पंधरा दिवस फॉस्टर म्हणून, म्हणजे तात्पुरतं सांभाळायला, न्यायला देतात का विचारा. पिल्लाच्या बाबतीत हे बोलायलाही नको. पंधरा दिवसांनी ते परत देणारा माणूस मला अजून भेटायचाय.

पुढे मोठी कुत्री वाढणारच आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशानंतर शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकांतली कुत्री उचलून, लस-नसबंदी करून शेल्टरमध्ये ठेवायची आहेत, परत त्याच जागी सोडायची नाहीत. रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायचं तर पालिकेकडे अर्ज करता येतो, हे त्याआधीच्या २२ ऑगस्टच्या आदेशातच आलंय; अट एवढीच, की ते परत रस्त्यावर येता कामा नये. एसटी स्टँडवर वाढलेल्या कुत्र्याला गर्दी, गाड्या, पोरंटोरं नवीन नसतात. ते पिंजऱ्यात किती वर्षं राहतं यावर त्यातलं किती शिल्लक उरतं ते ठरत असावं, असा माझा अंदाज.

घरात मांजर असेल तर मात्र पिल्लूच आणा, मोठं कुत्रं मांजराशी कसं वागेल याची हमी मी देणार नाही. घरी दिवसभर कुणी असेल, आणि रोज कडेवर घेऊन हिंडायची हौस असेल, तरी पिल्लू. माझ्या आत्येभावानं निवृत्तीनंतर आणलं, झकास आहे. तुमच्याकडे यातलं काही नाही, म्हणून मी आपला मोठ्याकडे झुकतोय. बंड्याला अक्का आल्यावर थोडा फरक पडला. बायको म्हणते आठ आणे, मी म्हणतो चार.

तरी घाई नको. एका रविवारी संध्याकाळी घरी या, दोघांना बघा. खाली आलात की फोन करा, मी दार उघडून ठेवतो. बेल तेवढी वाजवू नका.